कुरळ्या पिलाची कुंडली

मराठीच्या प्राध्यापकाने कुत्र्यांच्या वंशावर लेख लिहावा, हे पाहून आमच्या विभागातली मंडळी हसणार, हे मी धरून चाललो आहे. हसोत बापडी! पण हा विषय मी आपण होऊन अंगावर घेतलेला नाही. तो माझ्या धाकट्या बहिणीने मेलबर्नहून फोनवरून माझ्या गळ्यात बांधला.

२०२३ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी समासाच्या प्रश्नांची उत्तरे तपासत बसलो होतो. एवढ्यात फोन वाजला.

"दादा, आमचं ठरलं. लॅब्राडूडल घेतोय!"

"म्हणजे काय? ते खातात की अंगावर घालतात?"

"अरे, कुत्रं! लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर. स्वभाव लॅब्रॅडॉरचा आणि केस पूडलचे. केस गळत नाहीत, म्हणून ॲलर्जी होत नाही. आपल्या चिरंजीवांना चालेल असं हे एकच कुत्रं आहे, दादा."

तिचे शेवटचे वाक्य ऐकून माझ्या हातातली लाल पेन्सिल थांबली. माझा भाचा तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि त्याला दमा आहे. मेलबर्नमध्ये दमा म्हणजे काय, हे तिथल्या आयांना कोणी सांगावे लागत नाही. २०१६ च्या नोव्हेंबरातील २१ तारखेच्या संध्याकाळी त्या शहरावर गडगडाटी वादळ आले. गवताच्या परागांचे बारीक कण त्याने लोकांच्या छातीत भरले, हजारो माणसे श्वासासाठी तडफडत इस्पितळांत गेली आणि दहा माणसे दगावली. तेव्हापासून नोव्हेंबर उजाडला की माझी बहीण आधी आभाळाकडे पाहते आणि मग मुलाच्या पंपाकडे. असे हे पोर दोन वर्षे एकच हट्ट धरून बसले होते: मला कुत्रा हवा.

मी म्हणालो, "दिवाळीच्या सुट्टीत मी येतोच आहे. तोवर पैसे देऊ नकोस."

द्वंद्व की बहुव्रीहि?

फोन ठेवला आणि समोरच्या पेपरांकडे पाहताना मला एकदम हसू आले. 'लॅब्राडूडल' हाही एक सामासिक शब्दच की! प्रश्न एवढाच, की समास कोणता? बहिणीने त्याचा विग्रह 'लॅब्रॅडॉर आणि पूडल' असा केला होता. म्हणजे द्वंद्व. आईवडील म्हटले की आईही येते आणि वडीलही येतात, तसे. दोन्ही पदे सारख्या मोलाची, दोघांतले चांगले तेवढे निवडून घेतलेले. पण व्याकरणात बहुव्रीहि नावाचाही एक समास आहे. 'नीलकंठ' म्हणजे निळा रंगही नव्हे आणि गळाही नव्हे. तिथून जो उभा राहतो, तो तिसराच कोणी. हे कुत्रे त्यातले तर नसेल?

मग सवयीप्रमाणे मी घराणे तपासायला बसलो. आपल्याकडे सोयरीक जमवायची झाली की दोन्हीकडची सात पिढ्यांची चौकशी होते. बारा-चौदा वर्षे घरात राहणाऱ्या प्राण्याची निदान एका पिढीची तरी करायला नको काय?

पूडल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर श्रीमंत बाईच्या मांडीवर बसलेले, रिबिनी बांधलेले लाडावलेले कुत्रे येते. प्रत्यक्षात ते मूळचे पाण्यातले शिकारी. शिकाऱ्याने बदक पाडले की तलावात उडी घेऊन ते आणून द्यायचे, हा त्याचा धंदा. त्याचे नावच मुळी जर्मन भाषेतल्या पाण्यात थबथबण्याच्या शब्दावरून आले आहे. ज्या केशरचनेला आपण हसतो, तिचेही मूळ उपयोगातच आहे: पोहताना ओझे होऊ नये म्हणून मागचे केस कापायचे आणि छाती व सांधे यांना ऊब राहावी म्हणून तिथले ठेवायचे. बुद्धीने तर हे कुत्रे फारच तल्लख. स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने १९९४ साली कुत्र्यांच्या बुद्धीवर पुस्तक लिहिले, त्यात शिकवलेले ऐकण्याच्या बाबतीत बॉर्डर कॉलीच्या खालोखाल दुसरा क्रमांक पूडलचा लावला आहे. लॅब्रॅडॉर सातवा. म्हणजे संकर झाला तो दोन कामकरी, हुशार आणि पाण्याची ओढ असलेल्या घराण्यांचा. अशा कुत्र्याला रोज तास-दीड तास चालणे हवे आणि डोक्यालाही खाद्य हवे. काम दिले नाही तर ते आपले काम आपणच शोधते, आणि ते काम बहुधा सोफ्यावर चालते!

सुलतानची गोष्ट

या कुत्र्याची कथा ज्या शहरात घडली, त्याच शहरात माझी बहीण राहते, हा योगायोग मला तिथे गेल्यावर उमगला. मेलबर्नच्या क्यू उपनगरात, यारा नदीच्या काठाने अंधांना वाट दाखवणारी कुत्री तयार करणारी संस्था आहे. वॉली कॉन्रन नावाचे गृहस्थ या संस्थेत पिलांच्या पैदाशीचे काम पाहत. १९८० नंतरच्या दशकात त्यांच्याकडे हवाई बेटांवरून एक विनंती आली. एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रे हवे होते. पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांचे वावडे होते.

कॉन्रनना वाटले, पूडलचे केस फारसे गळत नाहीत, तेव्हा पूडलच शिकवावे. तीन वर्षांत त्यांनी तेहेतीस पूडल पारखले. एकही त्या कामाला उतरले नाही. अखेर १९८९ साली त्यांनी लॅब्रॅडॉर कुत्रीचा पूडलशी संकर केला. तीन पिले झाली. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवण्यात आले. तिघांतल्या एकाचे त्या नवऱ्याला वावडे नव्हते. त्याचे नाव सुलतान. सुलतान हवाईला गेला आणि त्या बाईंचा वाटाड्या झाला.

इथपर्यंत गोष्ट सुखान्त आहे. पण दिवाळी अंकाच्या वाचकाने तिच्यातला एक आकडा नीट पाहावा: तिघांतला एक! पुढच्या वेतात दहा पिले झाली, त्यांतली तीनच तशी निघाली, असे कॉन्रन यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. संकर तोच आणि माणूसही तोच, पण हमी कुठेच नव्हती. एकेक पिलू त्या एका माणसाशी ताडून पाहावे लागत होते.

मग ही हमी आली कुठून? ती आली नावातून. शिकाऊ पिले काही महिने घरी सांभाळायला लोक एरवी रांगा लावीत. पण 'संकराची पिले' म्हटल्यावर ती दोन-तीन पिले न्यायला कोणी पुढे येईना. तेव्हा कॉन्रननी प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्यांना सांगितले, अंधांसाठी एक नवे कुत्रे निघाले आहे आणि त्याचे नाव लॅब्राडूडल, असे जाहीर करा. पिले तीच होती, नाव तेवढे नवे. पण फोनची घंटा थांबेना! आम्ही भाषेचे लोक शब्दाच्या सामर्थ्यावर वर्गात तास तास बोलतो. तिथे एका शब्दाने तीन दशकांत जगभर बाजार उभा केला. पाठोपाठ गोल्डनडूडल, कॅव्हूडल, कॉकापू अशी भावंडे घरोघर पोचली. त्यांतला कॉकापू तर वयाने लॅब्राडूडलहून वडील, पण दिमाख धाकट्याचा.

२०१९ साली ऑस्ट्रेलियन नभोवाणीशी बोलताना कॉन्रन म्हणाले की, हे कुत्रे आपण काढले याचा आपल्याला जन्माचा पश्चात्ताप होतो. पैशासाठी वाटेल त्या कुत्र्याचा वाटेल त्या पूडलशी संबंध करणारे लोक पाहून त्यांना फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आठवला. सुलतानचा त्यांना पश्चात्ताप नव्हता. होता तो त्याच्या नावावर चाललेल्या व्यापाराचा.

केस आणि वावडे

मी मेलबर्नला पोचलो, त्याच्या दुसऱ्याच शनिवारी आम्ही पिलू पाहायला गेलो. शहरापासून दोन तासांवर एक शेतवाडी. विक्रेते मोठे आतिथ्यशील. स्वच्छ धुतलेल्या खोलीत सहा पिले, जणू खसखशीच्या रंगाचे लोकरीचे गोळे! त्यांतला एक गोळा भाच्याच्या मांडीवर आला आणि झोपी गेला. पोराच्या चेहऱ्याकडे पाहून मेहुण्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. किंमत चार हजार डॉलर.

मी विचारले, "आई कुठे आहे हिची?"

"ती आत्ता फिरायला गेली आहे."

"आणि बाप?"

बापाचा फोटो दाखवण्यात आला. आईबापांच्या डोळ्यांची आणि खुब्यांची तपासणी केल्याचे कागद मागितले, तर उत्तर आले, "संकराला त्याची गरज नसते. संकर मुळातच निरोगी." आणि ॲलर्जी? "मुळीच होणार नाही. लिहून देतो!"

हे 'लिहून देतो' ऐकून माझ्यातला परीक्षक जागा झाला. विद्यार्थी ज्या उत्तराखाली दोन रेघा मारतो, ते उत्तर बहुधा चुकलेले असते. मी मेहुण्यांना हळूच म्हटले, "सोमवारपर्यंत थांबू." परतीच्या वाटेवर मोटारीत कोणी बोलले नाही. भाचा खिडकीबाहेर पाहत होता. मामा नावाचा प्राणी त्याला त्या दिवशी मुळीच आवडला नसावा.

सोमवारी आम्ही त्याच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी आधी चाचणीचा जुना कागद काढला. गवताच्या परागांचे वावडे जबर, कुत्र्याचे थोडे; पण थोडे म्हणजे नाही असे नव्हे. मग त्यांनी जे समजावून सांगितले, ते मी माझ्या शब्दांत देतो. कुत्र्याचे वावडे हे केसांचे वावडे नसते. कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि मूत्रात काही प्रथिने असतात. त्यांचे वावडे असते. केस हे त्यांचे वाहन. केस कमी गळले तर सतरंजीवर केस कमी दिसतील, एवढेच. कुत्रे अंग चाटणार, कोंडा झडणार आणि हवेत कण तरंगणारच. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१२ साली 'वावडे न होणारी' म्हणून गाजलेली कुत्री आणि साधी कुत्री यांच्या अंगावरचे हे प्रथिन मोजले. गाजलेल्यांच्या केसांत ते कमी नव्हते, उलट अधिकच भरले! घरांतल्या हवेत तर फरक आढळला नाही. लॅब्राडूडलच्या घरी जमिनीवरच्या धुळीत ते थोडे कमी होते. पण तेवढ्यावर 'वावडे न होणारे कुत्रे' हा शब्द टिकत नाही, असाच त्यांचा निष्कर्ष होता.

"मग आम्ही करायचं काय?" बहिणीने विचारले.

"जात विचारू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते एक कुत्रं आणि हा एक मुलगा, यांना एकत्र बसवून पाहा. पुन्हा पुन्हा, बंद खोलीत. पंप हाताशी ठेवा. आणि रोजचं औषध एक दिवसही चुकवू नका."

बहिणीच्याच गल्लीत दोन लॅब्राडूडल होते. एक दाट कुरळ्या केसांचे, ज्याचा एक केस जमिनीवर दिसायचा नाही. दुसरे विस्कटलेल्या सरळ केसांचे, ज्याच्या मालकिणीच्या प्रत्येक पातळ्यावर—छे, तिथे पातळे कुठली!—प्रत्येक कोटावर त्याची सही असे. पहिल्याकडे आम्ही निर्धास्तपणे गेलो. वीस मिनिटांत पोराचे डोळे लाल झाले, आणि रात्री त्याच्या छातीतून शिटी वाजू लागली. पंप दिला, श्वास बसला. पण बहीण पहाटेपर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून होती. मी दारातून पाहिले आणि काही न बोलता माघारी फिरलो. चार हजार डॉलर देऊन आणलेल्या पिलाने ही रात्र आणली असती, तर त्या पिलाचे काय झाले असते? ते परत गेले असते, नाहीतर बेवारशांच्या आश्रमात. आणि पोराच्या मनावर दम्यापेक्षा मोठे दडपण राहिले असते.

आठवड्याने, भीतभीत, दुसऱ्या कुत्र्याकडे गेलो. केसांचा नुसता पाऊस! पोर दोन तास त्याच्या गळ्यात पडून होते. काही झाले नाही. पुन्हा गेलो, तरीही नाही. जे केसांवरून ओळखायला निघाले होते, त्यांचा हिशेब पुरता उलटा ठरला.

पत्रिका कशी पाहावी

ज्यांना असे पिलू आणायचे आहे, त्यांच्यासाठी या चौकशीत हाती आलेले चार दाणे इथे ठेवतो.

पहिली गोष्ट पिढीची. लॅब्रॅडॉर आणि शुद्ध पूडल यांची संतती ती पहिली पिढी. तिचा पुन्हा पूडलशी संबंध केला, तर पिलांत पूडलचा वाटा सुमारे बारा आणे होतो आणि केस कुरळे, कमी गळणारे निघण्याचा संभव वाढतो. पण पहिल्या पिढीतल्या दोघांचा आपसांत संबंध केला, तर मेंडेलच्या वाटाण्यांचा खेळ सुरू होतो. पूडलच्या तोंडावर ज्या दाढीमिशा असतात, त्या एका प्रबळ जनुकामुळे. पहिल्या पिढीत ते प्रत्येकाला मिळते. दुसऱ्या पिढीत सरासरी चौघांतल्या एकाला मुळीच मिळत नाही. ते पिलू आजोळच्या लॅब्रॅडॉरसारखे गुळगुळीत तोंडाचे निघते आणि घरभर केस पसरते. शिवाय आठव्या आठवड्याला दिसतात ते बाळकेस. खरे केस वर्षाच्या आतबाहेर येतात. जावळावरून मुलाची दाढी सांगण्याचा हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट आरोग्याची. संकर मुळातच निरोगी हे अर्धसत्य. दोन घराण्यांतले दोष वेगळे असतील, तर संकराने ते झाकले जातात. तोच दोष दोन्हीकडे असेल, तर नाही. दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा एक आनुवंशिक रोग पूडल आणि लॅब्रॅडॉर दोघांतही आहे, आणि जनुकातला दोषही तोच. दोघांतला एक जरी रक्ततपासणीत निर्दोष ठरला, तर पिलांना तो रोग होत नाही. एवढ्यासाठीच तो कागद मागायचा. खुब्याच्या सांध्याचा दोषही दोन्हीकडे आढळतो. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२४ साली नऊ हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती मालकांकडून गोळा करून लॅब्राडूडल, कॉकापू आणि कॅव्हपू यांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली. दर शंभरातल्या छयांशी तुलनांत फरकच आढळला नाही. संकर वाईट नाही, पण ते कवचकुंडलेही नव्हेत.

तिसरी गोष्ट केसांची. जे केस गळत नाहीत, ते जातात कुठे? तिथेच राहतात आणि गुंततात. वरवर ब्रश फिरवला की कुत्रे कापसासारखे दिसते आणि आत कातडीलगत जटा होतात. त्या ओल धरतात, कातडी ओढतात, खाली जखमा होतात. म्हणून तारांच्या ब्रशाने मुळापर्यंत आणि मग कंगव्याने, दोन दिवसांआड; आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी कापणे. लोंबत्या केसाळ कानांत ओल राहिली तर कान पिकतात, ते वेगळे. आपल्याकडच्या शहरांतही आता छोटे पूडल आणि त्यांचे संकर दिसू लागले आहेत. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात ज्यांच्या भिंती चार महिने सुकत नाहीत, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

चौथी गोष्ट विक्रेत्याची. व्हिक्टोरिया राज्यात २०१९ पासून कुत्र्याच्या विक्रीच्या जाहिरातीत पिलाच्या कातडीखालील चिपचा क्रमांक आणि विक्रेत्याचा नोंदणीक्रमांक छापावाच लागतो. चांगला नियम आहे. पण क्रमांकाने माणूस कळतो, दानत कळत नाही. आई पाहू द्या म्हणावे. तिचा स्वभाव भित्रा की निवांत, तिची राहण्याची जागा कशी, हे डोळ्यांनी पाहावे. जो आई दाखवत नाही, त्याचे पिलू घेऊ नये.

लाडू

मी परतलो तेव्हा घरात कुत्रे नव्हते. विमानतळावर भाच्याने नमस्कार केला, पण जरा कोरडाच.

पुढची हकीकत बहिणीने फोनवर सांगितली. २०२४ च्या फेब्रुवारीत तिला कळले, की पलीकडच्या उपनगरातले एक कुटुंब आपले अडीच वर्षांचे लॅब्राडूडल देऊन टाकू पाहते आहे. नवराबायको दोघे दिवसभर कामावर. कुत्र्याने सोफा फाडला होता, शेजाऱ्यांनी भुंकण्याबद्दल तक्रार केली होती, आणि जटा इतक्या झाल्या होत्या की पशुवैद्याने त्याला पुरते भादरले होते. नाव टेडी. त्या बिचाऱ्यांनी बाहुली म्हणून आणले आणि निघाले एक बुद्धिमान, बेकार जनावर!

त्या भादरलेल्या कुत्र्यात एक मोठा गुण होता: ते पिलू नव्हते. त्याचे केस, स्वभाव, वजन, खुबे, जे काय व्हायचे ते होऊन चुकले होते. त्यात भविष्य सांगण्यासारखे काही उरले नव्हते, नुसते पाहायचे होते. सहा शनिवार भाचा त्याच्याबरोबर बसला. सहाही रात्री बहीण त्याच्या छातीला कान लावून बसली. शिटी वाजली नाही. सातव्या शनिवारी कुत्रे घरी आले. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून त्याला पोराच्या निजायच्या खोलीत मज्जाव आहे, आणि रोजचा पंप चालूच आहे. उद्या हे वावडे वाढणार नाही, असे कोणी लिहून दिलेले नाही. या वेळी कोणी मागितलेही नाही.

टेडीचे नाव आता लाडू आहे. त्याला रोज दोन वेळा फिरवणे भाच्याकडे, आणि कापणे-विंचरणे मेहुण्यांच्या खर्चाने. तो खर्च घरातल्या तिन्ही माणसांच्या केसांहून जास्त येतो, म्हणून मेहुण्यांचे केस हल्ली बहीण घरीच कापते. परवा फोनवर ते दिसले. मी काही बोललो नाही.

तेवढ्यात भाचा आला. हातात कंगवा होता.

"मामा, लाडू लॅब्रॅडॉरसारखा वागतो की पूडलसारखा, ओळख बघू."

"कसा वागतो?"

"दोघांसारखाही नाही," तो म्हणाला. "लाडूसारखा!"

समास त्याने बरोबर ओळखला होता. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.